काकूचा बडा दिन

काकू गेली तेव्हा मी उज्जैनच्या भैरवगढ़ला छाप्याच्या चादरी बघत होते. एक चादर तिच्यासाठीच बाजूला काढली होती, तेवढ्यात काकांचा फोन आला. "अगं, तुझी काकू..." एवढंच. दिवाळी होऊन जेमतेम आठवडा झाला होता. आता दोन महिने होत आले, आणि खरं सांगते, तिच्यावर लिहायला बसलं की रडू यायच्या आधी हसूच येतं!

काकू माहेरची वाईची, पेशानं भूगोलाची शिक्षिका. लग्न होऊन उज्जैनला आली त्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. शेजारच्या ग्रेस आंटी केकची ताटली घेऊन आल्या. "भाभी, आज बड़ा दिन है!" इकडे नाताळला बडा दिन म्हणतात, हे काकूला कुठे ठाऊक? भूगोलाच्या बाई खवळल्या. "बड़ा? अहो, सबसे छोटा दिन तो अभी तीन दिन पहले हुआ!" केक तसाच ठेवून तिनं आंटींना ऑटोत घातलं आणि थेट वेधशाळेत नेलं. भर दुपारी तिथल्या शंकूची, म्हणजे सावली मोजायच्या उभ्या दांड्याची, लांबलचक सावली दाखवली. आंटी हसून हसून बेजार. "अरे भाभी, दिन नहीं, त्योहार बड़ा है!" पण हार मानेल तर ती काकू कसली... सावली आता रोज आखडणार, म्हणजे दिवस मोठाच होत जाणार, तेव्हा दोघीही बरोबर, असा निकाल तिनं तिथल्या तिथे देऊन टाकला.

तेव्हापासून पंचवीस डिसेंबरला आंटींकडून केक यायचा आणि आमच्याकडून तिळाचे लाडू जायचे. संक्रांतीच्या तीन आठवडे आधी! काका दरवर्षी कुरकुरायचे, "हे कुठल्या पंचांगात बसतं?" काकू म्हणायची, "सण कुठे आहे हा? दिवस मोठा झाला, एवढंच." आम्हा मुलांना लाडू वळायला बसवून ती जगभर फिरवून आणायची. इराणात वर्षातल्या सगळ्यात लांब रात्री घरचे सगळे जमून डाळिंब-कलिंगड खातात, स्वीडनमध्ये मुली डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घालतात, पंजाबी लोक लोहडीची शेकोटी पेटवतात, तमिळ घरांत पोंगलला दूध मुद्दाम उतू जाऊ देतात. "थंडीला सगळेच घाबरतात गं, म्हणून सगळेच काहीतरी पेटवतात नि गोड खातात." हे सांगताना तिचे डोळे असे चमकायचे, की देवास गेटच्या स्टँडवरून बस धरली तर संध्याकाळपर्यंत स्वीडनला पोचू, असं मला वाटायचं.

यंदा काकांनी सांगून टाकलं, "वर्षभर सण नाही. काहीच करायचं नाही." मी मनातून चिडले होते. लाडवांसाठी नव्हे. संक्रांत यंदा हुकली तरी पुन्हा आपोआप येईल, ती पंचांगात आहे. काकूचा दिवस एकदा चुकला की त्याला परत कोण आणणार?

पंचवीस तारखेला सकाळी काका अंगणात ऊन खात उभे होते. आंटी दरवर्षी दारावर कागदाचा मोठा तारा लावतात. आज तिथे नुसता खिळा दिसत होता.

"ग्रेसबेन, तारा नहीं लगाया?"

"भाभी के घर में शोक है, भाईसाहब. मैं कैसे लगाऊँ?"

काकांनी त्या खिळ्याकडे बोट दाखवलं. म्हणाले, "लगाओ, लगाओ. आज कोई त्योहार थोड़े ही है. दिन बड़ा हुआ है, बस."

मला तर आनंदानं ओरडावंसंच वाटलं! काका घरात आले ते सरळ स्वयंपाकघरात. "तीळ कुठे ठेवायची गं ती?" मलाही माहीत नव्हतं. मी स्टुलावर चढले, एकेक डबा खाली देत गेले, काका झाकणं उघडत गेले. सगळ्यात मागच्या डब्यात निवडून ठेवलेले स्वच्छ तीळ होते. दिवाळीच्या धांदलीतच कधीतरी तिनं ते निवडले असणार. वर चिठ्ठी, फळ्यावरच्यासारख्या ठसठशीत अक्षरात: 'बड्या दिनाचे. कोणी हात लावू नये.'

काकांनी ती वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

"आता कोण रागावणार आहे," म्हणाले, आणि तिळांत हात घालून तसेच उभे राहिले.