बाबांचं क्वांटम कंप्युटिंग

सेमिनारचे विषय वाटायचे असतात त्या दिवशी आमच्या वर्गात मंडईसारखी गर्दी व्हायची. एरवी कॅन्टीनमध्येच सापडणारी पोरं पहिल्या बाकावर येऊन बसत, कारण जो आधी मागेल त्याचा विषय. आणि प्रत्येकाला हवा असे तो विषय, ज्याचा पीपीटी एखाद्या सिनियरकडे तयार आहे. ब्लॉकचेनचा पीपीटी आमच्याकडे इतक्या बॅचेसनी वापरला होता की शेवटच्या स्लाइडवर गुलाबाच्या फुलाखाली कुठल्याशा जुन्या सिनियरचं नाव अजून तसंच होतं. दरवर्षी एक जण ते पुसायला विसरायचा आणि दरवर्षी सगळे टाळ्या वाजवायचे.

नेमकी त्याच दिवशी आमच्या गावची, एकोडीची एसटी उशिरा आली. मी धापा टाकत वर्गात शिरले तेव्हा क्लाउड गेला होता, फाइव्ह-जी गेला होता, चेहरा ओळखणारा कॅमेरा गेला होता आणि बिनड्रायव्हरची गाडीसुद्धा कोणीतरी नेली होती. उरलं होतं एकटं क्वांटम कंप्युटिंग. त्याचा पीपीटी कोणाकडे नव्हता, म्हणून त्याला कोणी हातही लावला नव्हता. माझ्या मैत्रिणीने माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती, विषय नाही. वर मलाच म्हणते, "तुले का टेन्शन? तू तं हुशार आहेस." असं बोलणाऱ्या माणसांचा मला फार राग येतो. दिवसभर तिच्याशी बोलले नाही.

पण चिडून भागणार नव्हतं, कारण या सेमिनारवर माझं पुणं अडकलं होतं. पुण्याच्या एका कंपनीत सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी माझी निवड झाली होती. कॉलेजची काही अडचण नव्हती, अडचण घरी होती. बाबा नाही म्हणाले नव्हते. ते "पाहू" म्हणाले होते, आणि आमच्या घरात "पाहू" म्हणजे जवळजवळ नाहीच. त्यांचं म्हणणं एकच. "घरी तं तू कोनाचं आयकत नाही. पन चार मानसं आली का आत पळते. पुण्याले कशी बोलशीन?"

हे खोटं नव्हतं, म्हणून जास्त झोंबलं. घरात माझा आवाज शेजारच्या शेजाऱ्यापर्यंत जायचा, आणि परक्या माणसाने नाव विचारलं तरी मी आईकडे बघायची.

त्यातच विभागप्रमुख सरांनी सांगितलं की यंदा सेमिनारला पालकांना घेऊन या. बाकीच्यांनी ही सूचना घरापर्यंत पोचूच दिली नाही. मी मात्र त्याच संध्याकाळी बाबांना सांगितलं. म्हटलं, येऊ देत. भर सभेत इंग्रजीत बोलताना बघतील तर "पाहू"चं "जा" होईल. आई म्हणाली, "दोघं गेलो तं धान कोन कापन? तुमीच जा." बाबांनी मान डोलावली.

मग मी पाठांतराला बसले. बसले म्हणजे उभी राहिले. सकाळी एसटीच्या आधी आणि संध्याकाळी घरी आल्यावर, ओसरीच्या खांबाला परीक्षक मानून मोठ्याने भाषण म्हणायचं. बाबा तिथेच चहा पीत नाहीतर दोर वळत बसलेले असायचे. त्यांचं लक्ष असेल असं मला कधी वाटलंच नाही. बाबांना इंग्रजी येत नाही. सहीपुरतं येतं, तेही त्यांचा मूड असेल तर.

इथे बाबांची दुसरी बाजू सांगायला हवी. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी नाटकं होतात, आणि आमच्या गावच्या मंडळात बाबा प्रॉम्प्टर होते. म्हणजे स्टेजच्या पुढे खणलेल्या खड्ड्यात, पेटीवाल्याच्या बाजूला बसून, नट अडला की त्याचं वाक्य खालून सांगणारा माणूस. तोंडाला रंग नाही, पोस्टरवर फोटो नाही. पण राजा "प्रधानजी" म्हणून गप्प झाला की पुढची आज्ञा खरं तर बाबाच द्यायचे. तालमी ऐकून ऐकून त्यांना अख्खं नाटक पाठ व्हायचं, अगदी बायकांच्या भूमिकांसकट. वही नुसती मांडीवर असायची.

सेमिनारच्या दिवशी बाबा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले आणि थेट पहिल्या रांगेत, माइकच्या बरोबर समोर जाऊन बसले. मी मागे बसायला सांगितलं. म्हणाले, "मांगं बसून का दिसते?" पालक म्हणून आलेले जवळजवळ तेच एकटे होते. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि बाबांनी त्यांना इतका वाकून नमस्कार केला की मॅडमना वाटलं हे संस्थेतलेच कोणी असावेत.

माझं नाव आलं. गुड मॉर्निंग, रिस्पेक्टेड वगैरे सुरळीत गेलं. विषयाचं नाव गेलं. मग मी म्हटलं, "अनलाइक अ क्लासिकल बिट, अ क्यूबिट कॅन एक्झिस्ट..." आणि पुढे काहीच नाही. समोर सगळ्या वर्गाची डोकी, वर कुरकुरणारा पंखा, आणि माझं तोंड उघडंच.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला.

"...इन अ सुपरपोजिसन ऑफ बोथ जीरो अँड वन, अ‍ॅट द सेम टाइम."

प्रॉम्प्टरचा आवाज हळू असतो, पण स्टेजच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचावा असा घडवलेला असतो. तो माझ्यापर्यंत पोचला, माइकपर्यंत पोचला आणि शेवटच्या बाकापर्यंतही पोचला. आणि बाबा तिथे थांबले असते तर बरं. सराव करताना मी स्वतःला ज्या सूचना मोठ्याने द्यायचे, त्याही त्यांना पाठ झाल्या होत्या. त्याच सुरात ते पुढे म्हणाले, "आता हात स्क्रीनकडं. आता स्लाइड बदल."

मी हात स्क्रीनकडे नेला आणि स्लाइड बदलली.

मग जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. विभागप्रमुख सर उठून उभे राहिले आणि काय करावं न सुचून परत बसले. बाबांच्या लक्षात आलं आणि त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा तोंडाशी धरला. परीक्षक मॅडमनी त्यांना विचारलं, "काका, तुम्ही कंप्युटर शिकलात?"

बाबा उभे राहून हात जोडून म्हणाले, "नाही जी. आयकून आयकून."

मला इतकी लाज वाटली की पुणंच काय, उद्या कॉलेजलाही येऊ नये असं वाटलं. बाबांचा रागही आला, सरळ सांगते. पण एकदा वाक्य हाती लागलं की पाठ केलेलं भाषण आपोआप पुढे जातं, तसं ते गेलं. लालबुंद चेहऱ्याने मी शेवटच्या स्लाइडपर्यंत पोचले.

आता प्रश्न. याची आमच्याकडे पक्की व्यवस्था असते. मैत्रीण मला ठरलेला प्रश्न विचारणार, मी तिला तिचा ठरलेला विचारणार, दोघींची उत्तरं तयार. मैत्रिणीने हात वर केलासुद्धा. पण मॅडम म्हणाल्या, "आज मुलांचे प्रश्न नकोत, मीच विचारते. डिकोहरन्स म्हणजे काय?"

हे मला येत होतं. भाषणातलंच वाक्य होतं ते, ओसरीवर रोज म्हटलेलं. पण नेमकं आता पहिला शब्द सापडेना. मी खाली बाबांकडे बघितलं. लाज गेली चुलीत, तेव्हा मला फक्त ते वाक्य हवं होतं. त्यांना ते येत होतं, मला माहीत होतं. त्यांनीही माझ्याकडे बघितलं. आणि ओठ घट्ट मिटून घेतले. मग मान वर करून पंख्याकडे बघत बसले.

आता कोणीच सांगणार नव्हतं.

"मॅडम, मराठीत सांगू?"

"सांग ना."

"क्यूबिट फार नाजूक असतो, मॅडम. बाहेरची थोडी उष्णता लागली, थोडा धक्का लागला, तरी त्याची ती अवस्था मोडते आणि हिशोब बिघडतो. म्हणून ते मशीन भयंकर थंडीत, सगळ्यांपासून वेगळं ठेवतात. अवस्था मोडायच्या आत गणित उरकायचं असतं." इथपर्यंत बरं चाललं होतं. मग तोंडातून निघून गेलं, "माझंही आता तेच झालं. घरून सगळं नीट पाठ करून आणलं होतं. इथं माणसं दिसली, पंखा वाजला, अन् मोडलं."

पुन्हा सगळे हसले. पण या वेळी हशा मी काढला होता, आणि तो मला आवडला. चार माणसं काय, भरलेला वर्ग समोर होता आणि मी आत पळाले नव्हते. मॅडमनी अजून दोन प्रश्न विचारले. उत्तरं बरोबर होती की नाही देव जाणे, पण मी ती दिली. पहिल्या रांगेकडे बघायची आठवणही झाली नाही.

संध्याकाळी एसटी स्टँडवर बाबांनी आलुबोंडे घेतले. ते मन लावून खात होते, मी फुगून बसले होते. शेवटी राहवलं नाही.

"पयल्यांदा सांगितलं, साऱ्या कॉलेजात माही इज्जत काढली. मंग दुसऱ्यांदा काहून नाही सांगितलं? विसरले का तुमी?"

"विसरन कसा?" बाबा म्हणाले. आणि चटणीचं बोट पुसत त्यांनी डिकोहरन्सची अख्खी व्याख्या इंग्रजीत म्हणून दाखवली. शेजारची बाई पिशवी सावरत जरा सरकून बसली.

"मंग?"

"मंग का? तिकडं पुण्याले कोन बसन तुह्या पुढं, सांगाले?"

मी हातातला आलुबोंडा परत कागदावर ठेवला. बाबा एसटी येते का ते बघत होते.

"म्हंजे मी जाऊन राहिली?"

"तोंड मिटून बसलो तवाच धाडलं न तुले," ते म्हणाले. "लय जड गेलं पोरी. शब्द अगदी जिभेवर आला होता."