व्हेंडेलची रिकामी पाठ

व्हेंडेल पितोन्याकला रिकाम्या पाठीने डोंगर चढताना आमच्या टात्रा पर्वतात कुणी पाहिलं नव्हतं. पाठीवर लाकडी चौकट, तिच्यावर डोक्याच्याही वर गेलेला ढीग, त्यात बटाट्याची पोती, बिअरचं पिंप, शेंड्यावर अंडी, आणि खाली दोन पाय. लोकांना माहीत असलेला व्हेंडेल एवढाच. डावा पाय जरा बेढब, कारण तरुणपणी त्यावर पिंप पडून तो पसरला होता. मोची त्याचा डावा बूट वेगळ्या मापाने शिवायचा आणि दरवेळी कुरकुरायचा.

राष्ट्रीय उद्यानात रस्ता नाही, आणि हेलिकॉप्टर काही रोज उठून कांदे घेऊन येत नाही. शिखरं चढायला आलेली मंडळी हर्मिनाच्या आसऱ्यात बसून आंबवलेल्या कोबीचं सूप ओरपतात, त्यातला कोबी कुणाच्या तरी मानेवरून वर आलेला असतो. वीस वर्षं ती मान व्हेंडेलची होती.

हर्मिना ही त्या आसऱ्याची मालकीण. नवरा गेल्यावर सगळ्यांनी तिला खाली ये म्हणून सांगितलं, ती आली नाही. बाई कष्टाळू, पण जिभेला धार. एखादा गिर्यारोहक चिखलाच्या बुटांनी उंबरा ओलांडू लागला की तिचा आवाज शिखरापर्यंत जायचा: "बूट बाहेर." मग तो बिचारा फळीवरच्या पाहुण्यांच्या सपातांमधून एक जोड शोधत बसे. व्हेंडेलला मात्र ती असं कधी म्हणाली नाही. म्हणणार कशी? तो आतच जात नसे. हमालाने ओझं उंबऱ्याशी उतरवायचं, बाहेरच्या बाकावर बूट घालूनच रम घातलेला चहा प्यायचा, आणि कचरा, मळक्या चादरी पाठीवर घेऊन उतरायला लागायचं. त्या बाकावर तो राजासारखा बसे. कप त्याचा ठरलेला, निळ्या काठाचा. लग्न झालेलं नाही, घरात एक बहीण. त्याच्या आयुष्यातली सगळी ऐट त्या कपात होती.

आणि मग ल्युबोर आला.

नवा हमाल, चाळिशीचा गडी, बायकोशी काडीमोड झालेला, हसरा, दात पांढरे. पहिल्याच महिन्यात त्याने हर्मिनाला "हर्मी" म्हणायला सुरुवात केली आणि तिनेही ते चालवून घेतलं. व्हेंडेलच्या अंगाचा तिळपापड झाला. वीस वर्षांत त्याने त्या नावातलं एक अक्षर कमी केलं नव्हतं.

ल्युबोर ओझं टाकून लगेच उतरत नसे. पाहुण्यांना घेऊन आसऱ्याच्या डोक्यावरच्या शिखरावर जाई, फोटो काढून देई. जुलैत एक दिवस व्हेंडेल बाकावर चहा पीत होता, तर वरून हर्मिना उतरत आली, ल्युबोरच्या मागे, गाल लाल, केस सुटलेले, आणि हसत. शिखर आसऱ्यापासून तासाभराचं. व्हेंडेल त्यावर कधी गेला नव्हता. त्याचं काम उंबऱ्याशी संपायचं. आणि तीही त्याला कधी चल म्हणाली नव्हती. त्या दिवशी त्याला चहा गोड लागला नाही, साखर होती तरी.

पुढच्या खेपेला ती पायरीवर बसून करड्या लोकरी नमद्याच्या सपाता शिवत होती. पुरुषी, चांगल्या मोठ्या.

"कुणासाठी?" त्याने विचारलं.

"पायांसाठी," ती म्हणाली आणि दोरा दाताने तोडला.

झालं. कुणाच्या पायांसाठी ते व्हेंडेलने स्वतःच ठरवून टाकलं. घरच्या माणसाच्या सपाता स्वयंपाकघराच्या दाराशी असतात आणि तिथे नवरा गेल्यापासून तिचा एकटीचाच जोड असे. आता तिथे ल्युबोरचे पाय येणार. उतरताना वाटेतल्या प्रत्येक दगडाला त्याने मनातल्या मनात ल्युबोर म्हटलं.

सप्टेंबरात बिडाची नवी चूल आली. सुटे भाग होत नाहीत अशी, शंभर किलोला थोडी कमी. ती खालच्या गोदामात येऊन पडली तेव्हा सगळ्या हमालांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. असली वस्तू वाहणाऱ्याचं नाव पुढची कितीतरी वर्षं घेतलं जातं. ही चूल आपली, यात व्हेंडेलला शंकाच नव्हती. तर ल्युबोर येऊन म्हणतो कसा:

"दादा, हर्मीने सांगितलंय, शनिवारी चूल मी आणायची. तू काही आणू नकोस. नुसता ये."

"नुसता?"

"असंच म्हणाली. पाठ रिकामी ठेवून."

घरी बहिणीने, झोफियाने, ताट वाढलं तरी हा भिंतीकडे बघत बसलेला.

"नुसता ये म्हणते. काही आणू नकोस म्हणते."

"मग जा नुसता. चांगला सदरा घाल."

"हमालाला नुसतं कशाला बोलावतात? हिशेब मिटवायला."

"तुझ्या डोक्यात ना, मेंदूच्या जागी बटाटे भरलेत," झोफिया म्हणाली. "बाई जेवायला बोलावत असेल."

"त्याच्यासाठी सपाता शिवते आणि मला जेवायला बोलावते?"

"जळतोयस तू."

"जळतोय," तो म्हणाला. त्याने नाकारलंसुद्धा नाही.

शनिवारी उजाडताच त्याने जे केलं ते आम्हा हमालांतला कुणीही करत नाही. दुसऱ्याच्या नावाने ठरलेल्या ओझ्याला हात लावायचा नाही, हा आमच्यातला एकच कायदा. व्हेंडेलने ती चूल स्वतःच्या चौकटीवर बांधली आणि निघाला. ल्युबोरसाठी मागे ठेवली ती फक्त धुराड्याची नळी.

सोप्या वाटेवर त्याच्या गुडघ्यांनी तक्रार केली, साखळ्या लावलेल्या खडकाशी त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. छप्पन्न वर्षांचा माणूस. पण डोळ्यांसमोर त्या करड्या सपाता होत्या आणि त्या त्याला ढकलत होत्या.

आसऱ्यापाशी पोचला तेव्हा हर्मिना दारातच उभी होती. नवा निळा झगा. आत खिडकीजवळच्या टेबलावर पांढरं कापड, खसखस भरलेल्या गोड पावाची गुंडाळी कापून ठेवलेली, दोन ताटं. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पाठीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला.

"हे काय घेऊन आलास?" ती म्हणाली. "थांब. एकट्याने उतरवू नकोस."

"कशाला, तुझा तो येईपर्यंत थांबू?" आणि त्याने खांदा काढला. चूल उंबऱ्याच्या दगडावर आदळली आणि तिचा एक पाय काडकन तुटला.

तिथे तरी गप्प बसावं की नाही माणसाने? नाही. उन्हाळाभर साठलेलं की वीस वर्षं, सगळं ओकला. "नवा हमाल मिळाला, नवी चूल मिळाली, सपाताही शिवून झाल्या. मला हाकलायचं तर खाली निरोप धाडायचा होता, मेजवानी कशाला? दोन ताटं मांडलीस, ती तुम्हा दोघांना लखलाभ. मी बघत बसू काय बाकावरून?"

हर्मिनाने वाकून चुलीचा तुटलेला पाय उचलला.

तेवढ्यात नळी घेऊन ल्युबोर वर आला, घामाने निथळत आणि चिडलेला. बूट चिखलाने भरलेले, म्हणून सवयीने ते बाहेर काढले आणि आत जाऊन स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या ज्या करड्या सपाता दिसल्या त्यांत पाय घातले. दोन पावलं टाकली आणि उजवीतून टाच बाहेर आली. डावीत तर पाय फिरतच राहिला. ती होडीसारखी रुंद कापलेली होती.

"हर्मी, हे कुठल्या अस्वलाचं माप आहे?"

"काढ त्या," ती म्हणाली. "तुझ्या नाहीत."

व्हेंडेलने आपल्या डाव्या बुटाकडे पाहिलं. मग कुणाकडेही पाहिलं नाही. जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं, पण टात्रा ग्रॅनाइटचा आहे, तो असा कुणासाठी दुभंगत नाही.

तिने निळ्या काठाचा कप बाहेर आणून बाकावर ठेवला. शेजारी वाहतुकीची मजुरी ठेवली, सगळ्यांना देते तशीच. "मंगळवारी बटाटे," एवढंच म्हणाली.

उतरताना साखळ्यांपाशी ल्युबोरने तोंड उघडलं. "तू चूल वाहिलीस तर आल्या आल्या आडवा होशील, म्हणून तिने ती मला सांगितली होती. तिला तू टेबलाशी बसलेला हवा होतास. पहिला जाळ तुझ्या हाताने लावायचा होता. हिवाळ्यात एकटीला होत नाही म्हणत होती, तू राहशील का विचारणार होती. मला वाटलं, तुला एवढं तरी कळेल."

"आणि तू तिला शिखरावर घेऊन गेलास ते?"

"वर बसून ती तासभर तुझ्याबद्दल बोलत होती. मला कंटाळा आला."

मंगळवारी व्हेंडेलने बटाटे नेले. पुढच्या मंगळवारी कोबी. ती कप बाहेर आणून ठेवी, मजुरी ठेवी, आत जाई. त्याला माफी मागायची होती, पण पाठीवर ओझं असताना त्याला बोलायला सुचत नसे आणि ओझं उतरलं की ती समोर नसे. दाराच्या फटीतून सपाता दिसत, तिथेच, दाराशी. त्यांचाही त्याला हेवा वाटू लागला. निदान त्या आत होत्या.

ऑक्टोबरात, पहिलं बर्फ पडायच्या आधीच्या शनिवारी, तो चौकट गोदामातच ठेवून निघाला.

वाटेवर सगळी हमालमंडळी. "काय दादा, पाठ घरी विसरलास?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "ह्याला कामावरून काढला वाटतं." व्हेंडेल चालत राहिला. हातांचं काय करावं ते त्याला समजेना. ते कधी पट्ट्यांशिवाय राहिले नव्हते. जिथे जिथे ओझं टेकवून दम खायचा त्या प्रत्येक खडकाशी तो सवयीने थांबला आणि तसाच, लाजत, पुढे निघाला. साखळ्यांपाशी चक्क घसरला. वजन नसताना चालायचं कसं हे त्याला येत नव्हतं.

हर्मिना पायरी झाडत होती. तिने आधी त्याच्या पाठीकडे पाहिलं. मागून काही येतंय का म्हणून वाटेकडे पाहिलं. आत चूल पेटलेली होती, तुटक्या पायाखाली एक चपटा दगड सरकवलेला होता.

व्हेंडेल सवयीने बाकाकडे वळला.

"तिकडे कुठे?" ती म्हणाली. "बूट बाहेर."