अबू वासिलची माफी

रोज सकाळी अबू वासिल दाराच्या पायरीवर बसून स्वतःचे बूट स्वतः पुसायचा. गल्ली इतकी अरुंद की तो बसला की वाट बंद. शाळेला निघालेल्या मुली, पाव आणायला निघालेल्या बाया, खांद्यावर गॅसची टाकी घेतलेला माणूस, सगळे थांबायचे. तो मान वर करायचा नाही. आधी डावा, मग उजवा, मग टाचा, मग फडकं झटकून घडी घालणं. निर्वासितांच्या छावणीच्या गल्ल्यांतून बारमाही सांडपाणी वाहतं. त्यातून कोरडे बूट घेऊन चालणारा तो एकटाच, कारण त्याच्या दारापासून समितीच्या कचेरीपर्यंत त्यानं फरशा बसवून घेतल्या होत्या. कचेरीच्या पुढे फरशा नव्हत्या.

रसमिया समोरच्या घरात वरच्या मजल्यावर राहायची. मुलांचे शाळेचे गणवेश शिवायची. तिनं त्या पायरीपाशी कधी वाट पाहिली नाही. बाहेर जायचं असलं की मागच्या जिन्यानं उतरायची आणि कोंबडीवाल्याच्या दुकानाला वळसा घालून जायची. लांब पडायचं. पडू दे, म्हणायची.

त्याचं खरं नाव झुहदी. त्याचा आणि रसमियाचा बाप गलीलमधल्या एकाच गावचे, तिथून हुसकले गेलेले, म्हणून छावणीतही एकाच गल्लीत तंबू पडले होते. त्याचा बाप गवंडी होता आणि मुलगाही गवंडी होईल असं सगळ्यांना वाटायचं. पण झुहदीला लहानपणापासून हौस होती ती माणसांच्या रांगा लावायची. नळावर बाया भांडायच्या, डबे एकमेकींच्या डोक्यात घालायच्या. हा मिशी न फुटलेला पोरगा काठी घेऊन उभा राहिला आणि सगळे डबे सुतात लावले. भांडणं थांबली. म्हाताऱ्यांनी त्याची पाठ थोपटली. त्याच्या आईचा डबा रोज पहिला असायचा, पण त्यावर कुणी बोललं नाही, कारण मागची रांग सरळ होती.

पुढं तो परदेशी जाऊन लढाई शिकून आला. येताना कमरेला पिस्तूल होतं आणि नावही नवीन होतं. वासिल नावाचा मुलगा व्हायला अजून बराच अवकाश होता, लग्नसुद्धा ठरलं नव्हतं, पण ‘वासिलचा बाप’ म्हणवून घ्यायला त्यानं सुरुवात केली होती. त्यानं तरुणांचे गट बांधले, बायकांची शिवणमंडळं काढली, शाळेच्या आवारात व्याख्यानं ठेवली. व्याख्यानाला कोण आलं नाही ते त्याला न विचारता कळायचं. दुसऱ्या दिवशी तो त्या घरी चहाला जायचा. नुसता चहाला. रागवायचा नाही, आवाज चढवायचा नाही. पुढच्या व्याख्यानाला ते घर पहिल्या ओळीत बसलेलं असायचं.

छावणीला वेढा पडला तेव्हा पश्चिमेचं तोंड त्यानंच राखलं. घरांच्या भिंती फोडून त्यानं आतून वाट केली, म्हणून जखमींना उघड्यावरून न्यावं लागलं नाही. पीठ संपत आलं तेव्हा स्वतःच्या घरचं पीठ आधी बाहेर काढलं. हे खोटं नाही. रसमियासुद्धा हे खोटं म्हणत नाही. ती एवढंच म्हणते की भिंती त्याच्या नव्हत्या.

तिचा भाऊ अदीब त्या वेढ्याच्या आधीच गेला. अदीब रेडिओ दुरुस्त करायचा. घरात तारा, डबे, उघडी पोटं घेऊन पडलेले रेडिओ. परकं सैन्य छावणीत शिरलं त्या उन्हाळ्यात त्यांच्या आईची साखर वाढली आणि औषध सैन्याच्या नाक्याच्या पलीकडे होतं. अदीब नाक्यावर गेला. सैनिकांशी त्यांच्या भाषेतले मोडकेतोडके चार शब्द बोलला, हसला, एकाचा बंद पडलेला ट्रान्झिस्टर तिथल्या तिथे चालू करून दिला आणि औषध घेऊन आला. ते हसणं सगळ्यांनी पाहिलं. सैन्य मागं हटल्यावर छावणीत प्रश्न निघाला की आपली शस्त्रं कुठं पुरलीत ते शत्रूला कुणी दाखवलं. अबू वासिलनं समिती बसवली, शाळेच्या वर्गात, मुलांच्या बाकांवर. अदीबला फार विचारलं नाही. त्याच्या घरातल्या तारा टेबलावर मांडल्या आणि अबू वासिल म्हणाला, “हे काय आहे ते मला कुणी सांगायची गरज नाही.”

अदीबला गोळी घातली ती समुद्राकडच्या भिंतीपाशी. शहिदांच्या कबरस्तानात जागा दिली नाही. शोकाच्या खुर्च्या मांडू दिल्या नाहीत. आई त्याच हिवाळ्यात गेली. रसमियाला मागणी घालायला आलेलं एक घर होतं, ते गल्लीच्या तोंडाशी आलं आणि परत गेलं.

मग अबू वासिलचा स्वतःचा ड्रायव्हर, रोज त्याच्या पाठीशी उभा राहणारा, एक दिवस सीमेपलीकडे पळाला आणि तिकडच्या रेडिओवर बोलला. शस्त्रं कुणी दाखवली ते सगळ्या छावणीला कळलं. अबू वासिललाही कळलं. त्यानं नवा ड्रायव्हर ठेवला. बाकी काही केलं नाही. अदीबबद्दल एक शब्द बोलला नाही, आणि तो बोलला नाही म्हणून बाकी कुणी बोललं नाही. लोक रसमियाला गणवेश शिवायला द्यायचे, मापं द्यायचे, शिवणीची तारीफ करायचे. ‘गद्दाराची बहीण’ असं तोंडावर म्हणणं बंद झालं. तो गद्दार नव्हता असं म्हणणं मात्र कधी सुरूच झालं नाही. रसमियाला हवं होतं ते एवढंच. ज्यानं ते नाव लावलं त्यानंच ते चारचौघांत पुसावं.

वर्षं गेली. अबू वासिलचे केस पांढरे झाले, पिस्तूल कपाटात गेलं, भाषणं पोरांनी करायला घेतली. आणि म्हातारपणी त्यानं हजला जायचं ठरवलं. हजला निघालेला माणूस निघण्याआधी घरोघर जाऊन माफी मागतो. माणसांचं देणं माणसांनी सोडावं लागतं, वरचा ते परस्पर सोडत नाही. अबू वासिल सगळीकडे जाऊन आला. दारात उभ्या उभ्याच लोक म्हणाले, “अहो, तुम्ही आमचे वडील, कसली माफी?” एकच घर राहिलं.

तिथं तो एकटा जाऊ शकत नव्हता. खून मध्ये होता. म्हणून रिवाजाप्रमाणे मोठी माणसं घेऊन जायचं ठरलं. गल्लीतले सगळ्यात वयस्कर हाज कासिम पुढं, मागं आणखी चार म्हातारे. घरी कॉफी येते. मागायला आलेले लोक पेला समोर ठेवतात आणि हात लावत नाहीत. यजमान विचारतो, का पीत नाही? ते म्हणतात, आमचं मागणं पुरं होईपर्यंत नाही. यजमान म्हणाला, ‘प्या’, की दिलं. पोराटोरांनाही हे ठाऊक असतं.

हाज कासिमनं जिन्याखाली त्याला थांबवलं. “अबू वासिल, तू बोलायचं नाहीस. मी बोलेन. आणि पेल्याला हात लावू नकोस.”

“मी काय लहान आहे?”

“लहान असतास तर काळजी नव्हती.”

दुपारच्या नमाजानंतर सहा म्हातारे रसमियाच्या खोलीत बसले. शिवणयंत्र भिंतीला सरकवलेलं, त्यावर चादर. अशा वेळी बोलायला घरचा पुरुष लागतो. रसमियाच्या घरात पुरुष उरला नव्हता, आणि का उरला नव्हता ते त्याच खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीवर पाय पसरून बसलं होतं. ती स्वतः समोर बसली. कॉफी तिनं केली होती, कडू, रिवाजाप्रमाणे. रात्रंदिवस तिनं मनात घोकलं होतं. हाज कासिम माफी मागेल. ती म्हणेल, आधी यानं माझ्या भावाचं नाव घ्यावं, ‘अदीब निर्दोष होता’ असं या पाच जणांसमोर म्हणावं, मग प्या. पाच म्हाताऱ्यांनी ऐकलं की संध्याकाळपर्यंत छावणीनं ऐकलंच.

पेले मांडले गेले. कुणी हात लावला नाही. हाज कासिमनं घसा साफ केला, “अल्लाच्या नावानं” म्हणाला, मग गावाकडच्या जुन्या पिढ्यांवर आला, तिच्या आजोबांच्या ऑलिव्हच्या झाडांवर आला. म्हातारा मुद्द्यावर येईपर्यंत वेळ लागणारच होता.

आणि अबू वासिलनं पेला उचलला, तोंडाला लावला आणि संपवला.

मुद्दाम नव्हे. ते सगळ्यांना दिसलं. समोर कॉफी आली की ती आधी त्यानं प्यायची आणि मग इतरांनी, हे आयुष्यभर चाललेलं. तो लोकांच्या घरी मागायला कधी गेलाच नव्हता. सांगायला गेला होता.

हाज कासिम झाडांच्या मधोमध थांबला. एका म्हाताऱ्यानं डोळे मिटले. पेला बशीवर टेकल्याचा आवाज झाला तेव्हा कुठं अबू वासिलला कळलं आणि त्यानं रिकाम्या पेल्याकडे असं पाहिलं की जणू दुसऱ्याच कुणी तो त्याच्या हातात दिला होता.

रसमिया म्हणाली, “अंगी लागो.”

“बेटा,” हाज कासिम घाईनं म्हणाला, “याला साखरेचा आजार आहे. डोकं जागेवर राहत नाही. हे धरू नकोस.”

“मी कुठं धरतेय, काका? पाहुणे आले, कॉफी प्यायले. जो कॉफी प्यायला त्याचं काही मागणं नसतं. माझ्या बापाच्या दारात तुम्हीच शिकवलंत हे.”

“मग आम्ही पुन्हा येऊ. उद्या येऊ.”

“या ना. रोज या.” मग ती खिडकीकडे वळली. हे तिनं घोकलेलं नव्हतं. “पण आता माझ्या घरचं पोटात गेलंच आहे, तर मीच मागते. अबू वासिल, तू माफी मागू नकोस. मला तुझी माफी नको. फक्त एवढंच बोल, अदीब निर्दोष होता. तीन शब्द. समितीच्या पत्रकात तू याहून लांब शीर्षकं लिहायचास.”

त्याचे ओठ हलले. एका म्हाताऱ्यानं हळूच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. “बोल की. बोलून टाक रे.”

“त्या वेळची परिस्थिती,” अबू वासिल म्हणाला, “आजच्या लोकांना समजणार नाही.”

“मी आजची नाही,” रसमिया म्हणाली. “मी त्या वेळचीच आहे.”

“निर्णय समितीचा होता.”

“समितीतले दोघं इथंच बसलेत. विचारू त्यांना?”

ते दोघं चटईच्या विणीकडे बघत राहिले. अबू वासिल उठला. खुर्चीच्या हाताचा आधार घेऊन, पण पाठ ताठ ठेवून. त्यानं डोकं हलवून निरोप घेतला, सभेतून निघताना घ्यायचा तसा, आणि जिना उतरून गेला. बाकीचे पाच पेले तसेच राहिले. हाज कासिम जाताना दाराशी थांबला. त्याला काही बोलायचं होतं, पण तोही त्याच रांगेत उभा राहत आलेला माणूस. “उद्या येतो,” एवढंच म्हणाला.

उद्याची गरज पडली नाही. सकाळी अबू वासिल झोपेतून उठलाच नाही. दुपारच्या आत भिंतींवर पत्रकं लागली, त्यावर तरुणपणचा फोटो, कमरेला पिस्तूल. लाउडस्पीकर बोलायला लागला. गल्लीत खुर्च्या मांडल्या गेल्या, इतक्या की रसमियाच्या मागच्या जिन्यापर्यंत आल्या.

त्याची बायको उम्म वासिल वर आली. ती आजवर कधीच वर आली नव्हती. दारातच उभी राहिली.

“रसमिया, थोड्या वेळात उचलतील. उचलण्याआधी विचारतात, कुणाचं काही राहिलंय का म्हणून. तू काय बोलणार आहेस?”

“तू कशाला आलीस? पोरांना पाठवायचं.”

“पोरं येत नाहीत. त्यांना तुझी लाज वाटते.”

“माझी की बापाची?”

उम्म वासिल खाली बसली, उंबऱ्यावरच. “सोड त्याला. मेलेल्याला तरी सोड. जिवंत होता तेव्हा कुणी सांगितलं नाही तुला सोडायला.”

रसमिया तिच्याकडे बघत राहिली. या बाईनं तिचं काही बिघडवलं नव्हतं. एकदा, फार पूर्वी, आईच्या आजारपणात हिनंच मागच्या दारानं मसुराचं सूप पाठवलं होतं, कुणाला न कळू देता.

“एक विचारते,” रसमिया म्हणाली. “खरं सांग. काल इथून घरी गेल्यावर त्यानं माझ्या भावाचं नाव काढलं? एकदा तरी? तुझ्याजवळ, भिंतीजवळ, कुणाहीजवळ. काढलं असेल तर मी आत्ता खाली येते आणि सगळ्यांसमोर सोडते त्याला.”

एक ‘हो’ म्हटलं की संपत होतं. उम्म वासिल त्याच्यासाठी आयुष्यभर खोटं बोलत आली होती, कचेरीत, नाक्यावर, पोरांशी. तिनं ओढणीच्या टोकानं नाक पुसलं.

“नाही,” ती म्हणाली.

“मग काय म्हणाला?”

“काही नाही गं. आला, हात धुतले, जेवला. ताट सरकवलं आणि म्हणाला, ‘उद्या भेंडी आणशील तर कोवळी बघून आण, आजची नुसती दोरखंड होती.’”