रायापूरच्या माणसाची दुरुस्ती

माझ्या डोक्यावर पद्मा चालत असते. उणकलला आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर ती भाड्यानं राहते. आठवड्यातले काही दिवस ती हुबळीत कचेरीला जाते, उरलेले दिवस वरच्याच खोलीत संगणक उघडून बसते. बसते म्हणायचं एवढंच, कारण फोनवर बोलताना किंवा कुणाच्या उत्तराची वाट बघताना तिच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या चालू असतात. माझा जन्म नाटकाच्या फळ्यांवर गेला. विंगेत उभं राहिलं की बाहेर कोण चाललंय आणि त्याला पुढचं भाषण आठवतंय का, हे आम्हांला नुसत्या पायांवरून कळायचं. त्यामुळं गेल्या उन्हाळ्याच्या तोंडी वरचं पाऊल बिघडलं तेव्हा ते मला लगेच कळलं. भर दुपारी ती चालायला लागायची, मध्येच थांबायची, खुर्ची ओढायची, बसायच्या आधीच पुन्हा उठायची. भाषण पाठ आहे, पण म्हणू की नको अशी ज्याची गत झालीय त्याची ती चाल होती.

पद्मा धम्मानंदांची मुलगी. धम्मानंद रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते, आता निवृत्त होऊन गदग रोडला मुलाकडे राहतात. रविवारी लेकीकडे येतात तेव्हा आधी माझ्याकडे टेकतात. एकदा म्हणाले, “अंबूताई, माझं काम हाताला लागायचं. हिचं काम कुठं असतं ते मला अजून दिसलेलं नाही.” मी म्हटलं, नाटकवाल्यांचं तरी कुठं दिसतं, पडदा पडला की गेलं. त्यावर ते हसले, पण समाधान झालं नव्हतं.

तिचं काम मला कळलं ते असं. बाजारातले वजनाचे काटे वेगवेगळ्या कारखान्यांचे असतात. कापसाचा काटा आपला आकडा एका तऱ्हेनं संगणकाला कळवतो, कांद्याचा दुसऱ्या. हे सगळं समजून घेऊन बरोबर वजन पुढं देणारा एक प्रोग्राम आहे, त्याचं नाव ‘तूक’, म्हणजे कानडीत वजन. तो कुणा एकाचा नाही. हुबळीची पद्माची कंपनी, रायापूरची एक, राजकोटची, कोइमतूरची, अशा कितीतरी कंपन्या तो मिळून लिहितात आणि मिळून सांभाळतात. लिहिलेलं सगळं उघड्यावर असतं, कुणीही वाचावं, कुणीही वापरावं. त्याच्यावर मग जो तो आपापलं दुकान मांडतो, बिलं, हिशेब, लिलावाचे फलक, आणि तिथं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतो.

हे ऐकून म्हातारी चकित होईल असं पद्माला वाटलं. मी झाले नाही. जत्रेत दोन नाटक कंपन्या समोरासमोर तंबू ठोकायच्या आणि एकमेकांच्या नावानं बोटं मोडायच्या. पण चिखलावर मुरूम टाकायचा तो दोघांनी मिळून. नुसता आपल्या तंबूपुरता मुरूम टाकता येत नाही. प्रेक्षक वाटेतच घसरून पडला तर दोघंही त्याला मुकले.

या मंडळींचा एक कडक नियम आहे. एका कंपनीच्या माणसानं काही नवं लिहिलं की ते दुसऱ्या कंपनीच्या माणसानं तपासून मंजूर करायचं. आपलं आपण मंजूर करायचं नाही. आणि मंजुरीचा अधिकार कंपनी देत नाही. ज्याचं काम सगळ्यांनी वर्षानुवर्षं पाहिलंय त्याला बाकीचे मिळून तो देतात. काट्याकडून येणारा आकडा वाचायचा जो भाग, त्याची मंजुरी पद्माकडे होती. कोइमतूरची एक बाई आणि रायापूरचा श्रीहर्ष जोडीला होते, पण बाई बाळंतपणाच्या रजेवर गेलेली. म्हणजे रायापूरहून काही आलं तर ते मंजूर करायला पद्मा एकटीच.

आणि नेमक्या त्याच भागात रायापूरहून एक दुरुस्ती येऊन पडली.

झालं होतं असं की अमरगोळच्या बाजार-आवारातल्या काही अडत्यांनी मिळून नवीन संगणकी वजनाची पद्धत घ्यायचं ठरवलं होतं. हुबळीची कंपनी आणि रायापूरची कंपनी, दोघांनी येऊन दाखवा, मग निवडू, असं त्यांनी सांगितलं. पूर्वी त्यांनी कुणाकडून तरी एक प्रोग्राम घेतला होता. ती कंपनी बंद पडली आणि प्रोग्राम कुलपात राहिला, किल्ली कुणाकडेच नाही. म्हणून या वेळी त्यांची अट होती की वजनाचा भाग सर्वांच्या ‘तूक’मधलाच हवा, तोही मंजूर झालेला. उद्या एक कंपनी गेली तर दुसरीला हात घालता यावा.

रायापूरच्या श्रीहर्षनं पाठवलेली दुरुस्ती साधीच होती. हमाल पोतं काट्यावर ठेवत नाही, टाकतो. आकडा वरखाली नाचतो आणि ‘तूक’ नाचता आकडाच उचलून मोकळं होतं. श्रीहर्षचं म्हणणं, आकडा ठरेपर्यंत थांबा. पद्माच्या कंपनीनं यावर आपल्या दुकानात एक वेगळी युक्ती केली होती, तीच त्यांची फुशारकी होती. रायापूरची दुरुस्ती मंजूर झाली की ती फुशारकी संपणार.

पद्माच्या कंपनीचे मालक गुरुराज. धारवाडच्या वकिलांच्या घरातले, बोलायला गोड, माणसांना धरून राहणारे. पद्माला कॉलेजातून निघाल्या निघाल्या नोकरी त्यांनीच दिली. ते तिच्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, “रायापूरचं काहीतरी आलंय म्हणे. नोडूण.”

नोडूण म्हणजे बघू या. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. लग्नाचं स्थळ नको असलं तरी नोडूण, उसनी शिडी द्यायची नसली तरी नोडूण. समोरच्यानं समजून घ्यायचं असतं. पद्मानं समजून घेतलं, पण तिचा चेहरा बघून गुरुराजांना आणखी बोलावं लागलं.

“खोटं काही करू नकोस, अगं. फक्त घाई करू नकोस. आपलं दाखवणं होऊन जाऊ दे.”

इथून तिच्या पायांची ती गत झाली. दुरुस्ती तपासताना तिला त्रुटी सापडायच्या. एक सापडली, तिनं सगळ्यांसमोर लिहिली. श्रीहर्षनं जेवणवेळेच्या आत ती दूर केली आणि खाली धन्यवाद म्हटलं. तिनं दुसरी काढली. तीही खरी, पण जरा बारीक. त्यानं तीही दूर केली, पुन्हा धन्यवाद. तिसरी काढली तेव्हा ती माझ्याकडे येऊन बसली आणि चहा निवेपर्यंत कपाकडे बघत राहिली.

मी विचारलं, खोटी आहे का त्रुटी?

“खरीच आहे. तेच तर. राजकोटवाल्यानं असं लिहिलं असतं तर मी त्याला अडवलं नसतं.”

मग तिनं सगळं सांगितलं. आपण नियमानं वागतोय की नियमाच्या आड लपतोय, हे तिचं तिलाच कळेनासं झालं होतं. मंजूर केलं तर अमरगोळ हातचं जाईल, गुरुराज काय करतील सांगता येत नाही, कचेरीतल्या पोरांच्या नोकऱ्याही त्याच कामावर होत्या. नाही केलं तर कुणाला कळणारसुद्धा नाही; असल्या तपासण्या रेंगाळतातच. पण मग ज्या मंडळींनी तिला तिथं बसवलं त्यांच्यात बसायला तिला तोंड राहणार नव्हतं. मला उपदेश सुचला नाही. रंगमंचावर असल्या प्रसंगी नायिकेला एक पद असतं, ते होईपर्यंत प्रेक्षक थांबतात. तिच्यासाठी कुणी थांबणार नव्हतं, दाखवण्याचा दिवस आठवड्यावर आला होता. मी एवढंच विचारलं की तो काटा तू कधी पाहिलायस का. ती म्हणाली, पुष्कळ पाहिले, तो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अमरगोळला निघाली. मी पिशवी घेतली आणि कांदे आणायचं निमित्त करून बरोबर गेले. तिथं जाताना तिनं श्रीहर्षलाही कळवलं की तुमची दुरुस्ती काट्यावर लावून बघायची आहे, येता का. तो रायापूरहून चिगरी नावाच्या जलद बसनं आला. एवढ्या जवळ राहून, वर्षानुवर्षं एकमेकांचं लिहिणं वाचून, दोघं पहिल्यांदा भेटत होती. बारीक चणीचा, चष्मेवाला मुलगा. तिला बघून तो गोंधळलाच.

“पद्माअक्का, मला वाटलं तुम्ही खूप वयस्कर असाल.”

“माझ्या शंका वाचून?”

“हो. आमच्या गणिताच्या मास्तरांसारख्या वाटतात.”

एका अडत्याच्या फळीवर काटा होता, शेजारी तोलार, म्हणजे वजन करणारा माणूस, उकिडवा बसलेला. श्रीहर्षनं आपला संगणक जोडला. हमालानं पोतं टाकलं, आकडा उड्या मारून शांत झाला, मग वजन आलं. बरोबर. दुसरं पोतं, बरोबर. पद्मा बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काही नव्हतं, उलट मान आणखी ताठ होत गेली.

तेवढ्यात बाहेरच्या रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला. मागून दुसरा, तिसरा. फरशी थरथरली, काटा थरथरला, आणि आकडा काही केल्या ठरेना. श्रीहर्षचा प्रोग्राम ठरायची वाट बघत राहिला. पोतं काट्यावर, मागं हमालांची रांग, कुणाच्या पाठीवर ओझं तसंच. तोलारानं कानडीत विचारलं की हे यंत्र झोपलं काय. हमाल हसले, मग शिव्या द्यायला लागले.

श्रीहर्षचा चेहरा उतरला. पद्माला आता खरी त्रुटी मिळाली होती, ढळढळीत, जी काढल्याबद्दल तिला कुणीही नावं ठेवली नसती. ती लिहून टाकून घरी जायचं, बस. दाखवण्याच्या दिवसाच्या आत हे नीट करणं त्याला एकट्याला जमलं नसतं. ती काट्यापासून लांब गेली, कांद्याच्या ढिगाला वळसा घालून परत आली, पुन्हा गेली. मी पिशवी धरून उभी. मला वाटलं आता ही रिक्षा बोलावते.

ती परत आली आणि पोत्यावर बसली.

“नुसतं थांबू नका. ठरत नसेल तर तोलाराला दाखवा की आकडा हलतोय. पुन्हा घ्यायचं की आहे ते घ्यायचं, त्याला ठरवू दे. तो बटण दाबेल.”

“हे तुम्ही मला कशाला सांगताय, अक्का?” त्यानं हळूच विचारलं. त्यालाही अमरगोळचं माहीत होतंच.

“कारण मला दिसलं,” ती म्हणाली. “सरका तिकडं.”

दोघांनी तिथंच बसून ते लिहिलं, पुन्हा ट्रक जायची वाट बघितली, पुन्हा तोललं. तिनं लिहिलेल्या ओळी त्यानं तपासून मंजूर केल्या, त्याच्या तिनं. नियम पाळला गेला. तोलारानं बटण दोनदा दाबून बघितलं आणि पुढचं पोतं मागवलं. बसमधून येताना पद्माचे पाय जमिनीवर ठरत नव्हते, टाचा हलत होत्या. आता सरांना सांगायचं होतं.

सांगितलं. गुरुराज ओरडले नाहीत. ते “बरं” म्हणाले आणि केबिनचं दार लावून घेतलं. पुढं अमरगोळ रायापूरवाल्यांना मिळालं. त्यांचं लिलावाचं काम जास्त चांगलं होतं असं अडते म्हणाले, पण कचेरीत ते कुणी मानलं नाही. जेवणाच्या डब्यावर एकानं पद्माला विचारलं की रायापूरला कधी रुजू होणार. कचेरीतली दोघं नोकरी सोडून बेंगळूरला गेली. गुरुराजांनी पद्माला काट्याच्या कामावरून काढून बिलांकडे दिलं आणि ‘तूक’मधली मंजुरीची जागा दुसऱ्याच्या नावावर करून दे म्हणाले. तिनं सांगितलं, सर, काम तुमचं आहे, ते घ्या. ती जागा तुम्ही दिलेली नाही. कंपनीच्या वेळात तिथलं काही करू नकोस, एवढंच ते म्हणाले. तेव्हापासून ती ते काम सकाळी कचेरीला जायच्या आधी करते. अमरगोळवरून बस जाते तेव्हा ती दुसऱ्या बाजूला बघते, हे मी पाहिलंय.

दिवाळीनंतर गुरुराज स्वतः आमच्या दारात आले. गदगच्या डाळमिलवाल्यांचं मोठं काम त्यांना मिळालं होतं, त्यासाठी त्यांच्या मुलांनी ‘तूक’मध्ये काहीतरी भर घातली होती, आणि ती आता मंजुरीसाठी श्रीहर्षकडे अडकली होती. त्यानं शंका काढली होती. मी चुरमुऱ्यांचं गिरमिट केलं होतं, त्यांना बशी दिली. ती हातात घेऊन ते अंगणातच येरझाऱ्या घालत राहिले. पद्मा खाली आली.

“अगं, अमरगोळच्या वेळी त्याला थांबवलं त्याचं तो उट्टं काढतोय का, एवढंच सांग. खरी शंका आहे की वेळ काढतोय?”

पद्मानं फोनवर ते वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. गुरुराज तिच्या तोंडाकडे बघत होते, बशीतलं गिरमिट तसंच.

“खरी आहे, सर. रिकाम्या बारदानाचं वजन आपण दोनदा वजा करतोय.”

त्यांनी तिला पुन्हा विचारलं नाही. बशी कट्ट्यावर ठेवली, खिशातून फोन काढला आणि फाटकापाशी जाऊन गदगला लावला. काम अजून झालेलं नाही, आमचीच चूक आहे, आणखी काही दिवस लागतील, असं ते कानडीत सांगत होते. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत असावा, कारण ते नुसतेच हूं म्हणत उभे होते. फोन ठेवून ते वळले आणि पद्माला म्हणाले, “उद्यापासून काट्याकडे ये. बिलं दुसरं कुणीतरी बघेल.”

पद्मा “बरं” म्हणाली. तिनं फोनवर श्रीहर्षला, शंका बरोबर आहे, दुरुस्त करतो, असं लिहायला सुरुवातही केली होती.