आप्पांच्या कुरडया

"या म्हनले."

दवाखान्यातून परतले की एस.टी.तून उतरता उतरता आप्पा हे सांगायचे. विचारलं तरी, न विचारलं तरी. चेहरा असा, की लग्नाचं आवतण घेऊनच आलेत.

दिंद्रुडला त्यांचं किराणा दुकान आणि त्यांच्या माडीला लागून आमचं भाड्याचं घर. मी तिथल्या शाळेत शिकवायची. त्यांच्या बायकोचं, काकूंचं, छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. आता सहा-सहा महिन्यांनी तपासणी असायची. डॉक्टर दरवेळी म्हणत, सध्या काही दिसत नाही, सहा महिन्यांनी या. त्यातलं 'सध्या' तेवढं काकू घरी घेऊन यायच्या आणि 'या' आप्पा.

"जिची आशा सोडली तिला कोन या म्हनतंय, बाई?" ते मला विचारायचे.

काकूंनी मात्र वर्षाचं काही करायचं सोडून दिलं. लोणचं नाही, कुरडया नाहीत.

"मानसानं सहा महिन्याचंच बगावं," त्या म्हणायच्या. "आन् आता पाकिटं मिळत्यात की तुमच्याच दुकानात."

तळणाची ती पाकिटं तेव्हा नवीनच आली होती, शाम्पूच्या पुड्यांच्या माळांशेजारी लटकायची. आप्पा ती गावाला विकायचे, पण घरात एक येऊ द्यायचे नाहीत. असा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही.

एका उन्हाळ्यात तपासणी तोंडावर आली आणि काकूंच्या हाताला काखेत काहीतरी लागलं. "मी न्हाई जात आता," असं सांगून त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या. वाद घालणं आप्पांच्या स्वभावातच नव्हतं. त्यांनी गुपचूप गहू भिजत घातले.

तीन-चार दिवसांनी सकाळी पाहते तर माडीवर धोतर खोचून आप्पा सोऱ्या दाबतायत. कपाळावरचं भस्म घामानं ओघळलेलं. अंथरलेल्या साडीवर कुरडई कसली, नुसतं पांढरं थारोळं. गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही हसले, तुम्हीही हसला असतात. गव्हाचा चीक रात्रभर ठेवला की वर पाणी येतं, ते शिजवण्याआधी ओतून टाकायचं असतं. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

हसणं ऐकून काकू जिन्यात येऊन उभ्या राहिल्या.

"वरचं पानी काडलं न्हाई का?"

"ते बी काडायचं असतंय?"

"नासला की सगळा चीक."

"मंग सांगा की. मला एकट्याला काय कळतंय?"

काकूंनी पुढे येऊन तो चीक बोटानं चाचपून पाहिला. मग पायरीवर टेकल्या.

"दुसरे गहू भिजवा. मी सांगते तसं करा."

त्यांचा उजवा हात सुजायचा, जोर लावायला मनाई होती. म्हणून सोऱ्या दाबायचे आप्पा आणि हुकूम सोडायच्या काकू. कुरडया वाळल्या, वर्षाचा डबा भरला, आणि काकू आपण होऊन तपासणीला निघाल्या. काखेतलं ते काळजीचं निघालं नाही. "या म्हनले," आप्पांनी एस.टी.च्या खिडकीतूनच सांगितलं.

पुढे दर उन्हाळ्यात हे ठरूनच गेलं. माझी बीडला बदली झाली, तरी आप्पांच्या हातचा डबा एस.टी.नं यायचा.

एका हिवाळ्यात निरोप आला तो आप्पांचा. दुकानात बसल्या जागी गेले. आम्ही सगळे काकूंच्या जिवाकडे डोळे लावून बसलेलो, आप्पांकडे कुणी पाहिलंच नाही. मला त्याचा अजून राग येतो.

भेटायला गेले. फळीवर कुरडयांचा डबा अजून अर्धा भरलेला होता. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येते' म्हणायचं नसतं, घरच्यांनीही 'या' म्हणायचं नसतं. मी न बोलता चपला घातल्या.

मागून काकूंचा आवाज आला.

"बाई, उन्हाळ्यात या. सोऱ्या दाबायला कुनीतरी पायजे."