ब्रेकला कुंकू

धुरपदाबाईची गाठ सुटत नसे, हे सुरतेतल्या उधन्याच्या त्या खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. खातं म्हणजे यंत्रमागांची लांबट शेड. तिथं विणलेल्या पॉलिएस्टरचा ताका, म्हणजे शंभर मीटर कापडाची घडी, ही फार निसरडी चीज. दोरीनं आवळा नाहीतर सुतळीनं, दोन खड्डे लागले की निसटलाच समजा. धुरपदाबाई मात्र कापडाच्याच काठाची पट्टी फाडायची, एक टोक दातात धरायची, ताक्यावर गुडघा रोवायची आणि अशी गाठ मारायची की बाजारातले दुकानदार ती सोडवायला कात्री मागत. पारोळ्याकडच्या खेड्यातून नवऱ्यामागं सुरतेला आलेल्या या बाईला दुसरं काही येत नव्हतं, असं तिची जाऊ म्हणे. जावेचं काय घेऊन बसलात!

नवरा धुडकू खात्याचा माल स्कूटरवरून रिंग रोडच्या बाजारात पोचवायचा. तेव्हाची रीत अशी: सहा ताके मागच्या सीटवर आणि आठ पुढे, पाय ठेवायच्या जागेत, पार सीटच्या उंचीपर्यंत. स्वार पाय फाकवून बसायचा, दोन्ही पाय दोन बाजूंना लोंबत. चौदा नेईल तो मर्द. बारा नेणाऱ्याला टपरीवर चहाबरोबर टोमणे फुकट. हेल्मेट गोडादऱ्याच्या त्यांच्या गल्लीत दोघांकडे होतं, आणि त्यातून कांदे आणले जात.

प्लेगनं सुरत रिकामी केली, त्यानंतर दोन वर्षांनी दसऱ्याला धुडकूनं स्कूटर धुतली, हँडलला झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू चिरडलं. आठव्या दिवशी उधना दरवाज्यापाशी हातगाडी आडवी आली आणि तो सरळ तिच्यावर जाऊन आदळला. मांडीचं हाड मोडलं. जीव वाचला हे नशीब.

"ब्रेक फेल झाला," सगळे म्हणाले. शेजारच्या मालतीबाईनं मीठ-मोहरीनं दृष्ट काढली.

दुसऱ्या दिवशी चौकीतून सोडवलेली स्कूटर खात्याच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. मागचे ताके फाटून गेले होते, पण पुढचे आठ जसेच्या तसे. गाठ धुरपदाबाईची, ती कशाला सुटते! तिनं ती स्वतःच सोडली. एकेक ताका उतरवला. तळाशी, उजव्या बाजूला, ब्रेकचा पेडल होता. तिनं तो हातानं दाबला आणि मागचं चाक ढकलून पाहिलं. चाक जागचं हललं नाही.

ब्रेक फेल झालाच नव्हता. धुडकूचा पाय तिथं पोचत नव्हता, इतकंच. हाताचा पुढचा ब्रेक होता, पण चौदा ताक्यांपुढं तो काय करणार? आणि पायाचा ब्रेक रोज सकाळी गुडघा रोवून ताक्यांखाली पुरला होता कुणी? तिनंच. धुरपदाबाई तिथंच बसून मोठ्यानं रडली. रडता रडता तिला गल्लीतली माणसं आठवली. तीन वर्षांत पाच पुरुष दुचाकीच्या अपघातात गेले होते, त्यातले चार माल नेणारे. प्रत्येकाच्या वेळी लोक हेच म्हणाले होते, ब्रेक फेल.

पाय बरा व्हायला आठ महिने लागले, तोवर धुरपदाबाईही त्याच्या सेवेत घरीच होती. धुडकू लंगडत खात्यात आला, स्कूटरपाशी उभा राहिला आणि नेहमीसारखी लेकीच्या नावानं बायकोला हाक मारली.

"चंचलनी माय, बांध चौदा. कमी नेले तं लोके हासतीन."

"हासू द्या," धुरपदाबाई म्हणाली. "पहिले तुमना पाय ब्रेकले लागस का, ते दखाडा."

तिनं आठ ताके मागं बांधले. पुढं एकही नाही. एवढ्यावर थांबली असती तर नवरा-बायकोची गोष्ट म्हणून लोकांनी सोडून दिलं असतं. पण तिनं सगळ्याच स्वारांना सांगून टाकलं: ज्याचा पाय ब्रेकला पोचणार नाही, त्याच्या मालाला माझी गाठ नाही. स्वारांनी तिचं नाव 'ब्रेकमाय' ठेवलं. सगळ्यात मोठ्यानं हसला सुपडू, खात्यातला सगळ्यात तेज गडी.

शेठ चिडले. "आठ ताकामां धंधो नो चाले, बेन!"

"माणस मरी जाय तो ताका कोण लई जशे, शेठ?" तिनंही त्यांच्याच भाषेत ऐकवलं.

शेठनी बजावलं, पंधरा दिवस बघतो. माल मागं पडला तर नवरा-बायको दोघांनी गावचा रस्ता धरायचा. गावी काय होतं? काही नव्हतं. धुरपदाबाईला ते पक्कं माहीत होतं, तरी तिनं नववा ताका चढवला नाही. धुडकू रोज दोन खेपा जास्त मारू लागला. सुपडू स्वतःच्या हातानं, दोरीनं, चौदा बांधून त्याच्या पुढं काढायचा, आणि जाताना हॉर्न वाजवायचा.

अकराव्या दिवशी सकाळी दोघं एकदमच निघाले. उधना दरवाज्यापाशी पुढची बस अचानक थांबली. सुपडूनं हाताचा ब्रेक आवळला, दोरीतून ताके सटकले, स्कूटर आडवी झाली, आणि सुपडू घसरत येऊन पडला तो धुडकूच्या चाकासमोर. धुडकूचा उजवा पाय आपोआप खाली गेला. मोडून जुळलेला, दुखरा पाय! पण त्यानं ब्रेक असा दाबला की स्कूटर किंचाळत उभी राहिली. चाक आणि सुपडूचा कान यांत जेमतेम एक वीत अंतर उरलं.

तासाभरानं सुपडू खात्यात आला. कोपर सोललेलं, शर्टाची बाही फाटलेली. बाहेर हातगाडीवर त्याचे ताके होते, ट्रकच्या टायरांचे काळे पट्टे उमटलेले. शेठ ते पट्टे बघत उभे होते. सुपडू कुणाकडं न बघता थेट धुरपदाबाईपुढं गेला आणि सैल झालेली दोरी त्यानं तिच्या पायाशी टाकली.

"वहिनी, माले बी तुनी गाठ बांधी दे," तो म्हणाला. "आठच."

त्या दिवसापासून खात्यात नववा ताका कुणी चढवला नाही. शेठनी कुरकुरत एक स्कूटर वाढवली. शेजारच्या खात्यांतले स्वार आधी चौकशीला येऊ लागले, मग माल घेऊनच येऊ लागले. गाठ मारण्याआधी धुरपदाबाई प्रत्येकाला ब्रेक दाबायला लावायची, आणि आता हसत कुणी नव्हतं.

पुढच्या दसऱ्याला तिच्या दारापुढं एकोणीस स्कूटरी धुऊन उभ्या होत्या. धुडकूच्या डोक्यावर हेल्मेट, कांदे आता पिशवीतून येत. अपघातानंतरचं ते सबंध वर्ष सरलं होतं आणि गल्लीत दुचाकीपायी एकाही बाईचं कुंकू पुसलं गेलं नव्हतं. मालतीबाईनं आरतीचं ताट पुढं केलं. स्वारांनी सवयीनं हँडलं पुढं केली. धुरपदाबाई मात्र खाली वाकली, पदरानं ब्रेकचा पेडल पुसला आणि त्यावर कुंकवाचं बोट टेकवलं.

"वहिनी, तठे नको!" सुपडू ओरडला. "कुंकूले पाय लागीन ना!"

"लागू दे," धुरपदाबाई म्हणाली. "लागालेच पाहिजे."