दोन गल्ल्यांमधला पारा

भोकरहून अकरावीसाठी लातूरला आले तेव्हा एका किराणा दुकानदाराच्या घरी मला खोली मिळाली. त्यांना सगळे अप्पा म्हणत. शिकवण्यांसाठी येणाऱ्या मुलींकरता अप्पांनी अंगणात चार खोल्या बांधल्या होत्या आणि उरलेल्या जागेवर शहाबादी फरशी घातली होती. उन्हाळ्यात ती इतकी तापायची की दोरीवरचे कपडे काढायलाही चप्पल घालून जावं लागे.

शिकवणीहून येताना मात्र वाटेतली एक गल्ली गार लागायची. घरं आमच्यासारखीच, ऊनही तेच. फक्त दोन्ही बाजूंना कडुलिंबाची झाडं होती. झाडाखाली गार वाटणारच, असं माझी खोलीतली मैत्रीण म्हणाली. पण किती गार, हे तिलाही सांगता येईना. शेवटी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांकडून मी रविवारपुरता थर्मामीटर मागून आणला.

भर दुपारी आधी आमच्या गल्लीत भिंतीच्या सावलीत मोजलं, मग त्या गल्लीत लिंबाखाली. पारा चार अंश खाली होता. विश्वास बसेना, म्हणून पुन्हा मोजलं. बाजेवर बसलेले एक म्हातारे गृहस्थ मला बघत होते.

"काय करायलीस पोरी? ताप कुणाला आलाय?"

ते निवृत्त पोस्टमन होते. मी सगळं सांगितलं आणि ही झाडं कुणी लावली, असं विचारलं.

"भूकंपानं," ते म्हणाले. "त्या साली घरात पाऊल टाकायची हिंमत नव्हती. अख्खी गल्ली बाजा टाकून बाहेर. वर ताडपत्री, उन्हानं जीव नकोसा. मग ज्यानं त्यानं आपल्या बाजेपाशी लिंब लावला. अंघोळीचं पाणी तेवढं घातलं."

"मग सावली मिळाली?"

"कुठली? झाडं मोठी होस्तवर आमी घरात गेलो होतो."

परत आले तर अप्पा जेवून उठले होते. त्यांना ऐकवलं. माझ्यावर भरवसा न ठेवता त्यांनी थर्मामीटर हातात घेतला आणि स्वतः जाऊन आले.

"हाय खरं," ते म्हणाले. "पन प्यायला पानी न्हाई, झाडाला कुठून आनू?"

"आठ जणींच्या अंघोळीचं पाणी गटारातच जातंय की, अप्पा."

ते दुकानात निघून गेले. मला वाटलं, विषय संपला. पण जून लागल्यावर एका सकाळी पहारीचा आवाज आला. न्हाणीजवळच्या तीन फरश्या उचकटून अप्पा खड्डे खणत होते. त्यांनी लिंबाची दोन रोपं आणली होती. न्हाणीचं पाणी आम्ही मुलींनी चर काढून तिकडं वळवलं. एक रोप दिवाळीआधीच वाळलं. का, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मला फार वाईट वाटलं. दुसरं मात्र तगलं.

बारावीचा निकाल घेऊन मी निघाले तेव्हा ते माझ्या खांद्याला लागत होतं. सावली अशी नव्हतीच. बाहेर सर येऊन गेली होती. दरवर्षी अंगणातून रस्त्यावर वाहणारं पाणी त्या उघड्या मातीत भराभर मुरत होतं. अप्पा मिटलेली छत्री धरून ते बघत होते.

"इतकं पानी जातंय कुठं?" त्यांनी मला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ते पहार आणायला गेले.